खालचा पाईप

हे मी कुणापाशी बोललेले नाही. मिस्टर होते तेव्हा त्यांच्यापाशी नाही, मुलापाशी नाही, विहारातल्या बायकांपाशी तर नाहीच. आता सांगतेय ते मन हलकं व्हावं म्हणून नाही. मन हलकं होतं वगैरे मला पटत नाही. मला संताप आलाय, म्हणून सांगतेय.

गेल्या महिन्यात मुलाने आणखी एक गाडी घेतली. घरी जेवण ठेवलं होतं. त्याच्या ओळखीतल्या एका जुन्या ड्रायव्हरने हात धुता धुता तो विनोद पुन्हा सांगितला. माझा विनोद. किती वर्षं झाली त्याला, तरी लोकांना तो शब्दन् शब्द पाठ आहे. सगळे हसले. सून हसली, नात हसली. आजींची जीभ म्हणजे जीभ, असं कुणीतरी म्हणालं. आणि मी? मी पण हसल्यासारखं केलं. भांडी उचलायच्या निमित्ताने आत गेले आणि तिथे उभी राहिले. रडू येत होतं म्हणून नाही. मला रडू येत नाही. एखादं ताट घेऊन कुणाच्या तरी डोक्यात घालावं असं वाटत होतं, आणि घालण्यासारखं डोकं घरात एकच होतं.

चौथी झालेय मी. एवढं लिहायला तेवढं पुरतं.

माझे मिस्टर खडकीला एका कारखान्यात फिटर होते. त्यांचे कान लवकर गेले, त्यांच्या वडिलांचेही तसेच गेले होते. नोकरी लवकर सोडून त्यांनी विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याच्या कडेला पत्र्याचं गॅरेज टाकलं. आता मेकॅनिक माणूस इंजिन आधी ऐकतो आणि मग उघडतो. यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून मी जायला लागले. स्वयंपाक उरकायचा, साडीवर त्यांचा जुना शर्ट चढवायचा आणि गॅरेजला जाऊन उभं राहायचं. ऐकता ऐकता शिकले. मग हातही काळे व्हायला लागले.

ते दिवस कंपन्यांचे होते. हडपसरकडे, खराडीकडे काचेच्या इमारती उठत होत्या आणि त्यांतल्या पोरापोरींना घरून न्यायला-आणायला गाड्या लागत होत्या. मोठ्या, डिझेलच्या, टर्बोवाल्या. जो उठेल तो ट्रॅव्हल्सवाला. आमच्याकडे कामाची कमी नव्हती.

टर्बो काय असतो ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, आणि तो हवा दाबून इंजिनात कोंबतो. ती हवा जाड रबरी पाईपांतून जाते. पाईप कुठे चिरला की दाबलेली हवा वाटेतच निसटते. डिझेल येतच राहतं, हवा पुरत नाही. मग गाडी काळा धूर सोडते, चढाला दम टाकते, आणि डिझेल पिते—पाण्यासारखं. उभ्या गाडीत काही दिसत नाही. दाब आला की चीर उघडते, दाब गेला की मिटते. फसवं दुखणं आहे.

ते शोधायची आमची एक रीत होती. मिस्टरांनी नळाच्या प्लास्टिक पाईपाचं झाकण घेऊन त्यात चाकाचा व्हॉल्व्ह बसवला होता. गाडी बंद ठेवायची, टर्बोच्या तोंडावर ते झाकण आवळायचं आणि कॉम्प्रेसरची हवा हळूहळू आत सोडायची. मग कॉम्प्रेसर बंद करायचा. सगळं गप्प. त्या गप्पपणात कुठून फुस्स येतं ते ऐकायचं आणि तिथे साबणाचं पाणी टाकायचं. फुगे आले की सापडलं. आमच्या गॅरेजला खड्डा नव्हता, तेव्हा पोत्यावर आडवं होऊन गाडीखाली मी शिरायची. मिस्टर वर बॉनेटशी. त्यांना खालून हाका मारून काय उपयोग? म्हणून आमचं ठरलेलं होतं. ते मडगार्डवर तळहात ठेवून उभे राहायचे. गळती सापडली की मी खालून गाडीच्या सांगाड्यावर पाना ठोकायची. कानाला नाही, पण त्यांच्या हाताला ते कळायचं. आमच्या संसारातलं सगळ्यात सरळ बोलणं तेच होतं—बाकीचं निम्मं त्यांना ऐकूच यायचं नाही.

हे सगळं मी का सांगतेय? कारण एकदा मी पाना ठोकला नाही.

थांबा. आधी अंकुशचं सांगते.

अंकुश वाशीमकडचा. आमच्याच समाजातला, आमच्या वस्तीत खोली करून राहायचा. साळुंखे शेठ म्हणून एक ट्रॅव्हल्सवाले होते, त्यांची गाडी चालवायचा. कंपनीची सकाळची पाळी, सगळ्यात चांगलं काम. जातो म्हणायच्या जागी जाते म्हणायचा, आणि पोरं त्याला चिडवायची. मला मावशी म्हणायचा. रविवारी विहारातून माझ्याबरोबर घरी येऊन माझ्या हातची भाकरी खाल्लेला मुलगा. जयंतीची वर्गणी त्याच्याकडे असायची. इतका सरळ होता की कधी कधी वैताग यायचा.

आणि माझा प्रवीण तेव्हा घरी बसून होता. लायसन काढलेलं, काम नाही. मी साळुंखे शेठना दोनतीनदा म्हटलं होतं, माझ्या मुलाला लावा म्हणून. जागा नाही म्हणाले. मग एकदा हसत हसत मला सांगितलं की त्यांनी अंकुशला विचारलं होतं, प्रवीण सकाळच्या पाळीला चालेल का. तर अंकुश म्हणाला होता की त्याला उठवायला आणखी एक माणूस ठेवावा लागेल.

खरं होतं. प्रवीण उठायचा नाही. मी स्वतः रोज त्याच्या अंगावर पाणी ओतायच्या गोष्टी करायची. पण असं बोलायचा हक्क माझा होता, त्याचा नव्हता. माझी भाकरी खाऊन माझ्या पोराची नोकरी घालवतो? तो राग माझ्या डोक्यात बसला. बघा, मी कारण देतेय असं समजू नका. राग होता एवढंच सांगतेय. राग सगळ्यांनाच येतो.

पुढे काही आठवड्यांनी अंकुशच्या गाडीचा ॲव्हरेज पडला. साळुंखे शेठ स्वतः टाकी भरून द्यायचे, आणि डिझेल आधीसारखं पुरेना. शेठांनी सरळ अर्थ काढला. ड्रायव्हर टाकीत नळी घालून डिझेल काढतात आणि रस्त्याच्या कडेला विकतात, हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. काही काढायचेही. अंकुश म्हणत होता की गाडीतच दोष आहे. कात्रजच्या चढाला तिचा जीवच जाते, असं म्हणायचा. शेवटी शेठ म्हणाले, काकांकडे नेऊ. काका म्हणजे माझे मिस्टर. काका म्हणाले गाडीत दोष आहे, तर मी गप्प. काका म्हणाले नाही, तर तू चोर.

असं उघड ठरवून ते दोघं आमच्या दारात आले. मागून आणखी चारदोन ड्रायव्हर, मजा बघायला.

मिस्टरांनी झाकण आवळलं. हवा भरली. कॉम्प्रेसर बंद केला. मी साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन खाली शिरले.

लगेच सापडलं. शोधावं लागलंच नाही. खालचा पाईप वळतो तिथे लोखंडी पट्टीवर घासून घासून आडवा चिरला होता. कडेला गळतीची खूण असलेला तेलकट काळा थर, त्यावर धूळ. तळहाताला गार हवा लागत होती. तिचा फुस्स आवाज रस्त्याच्या आणि ड्रायव्हरांच्या गलक्यात वर कुणाला जाणार नव्हता. पाणी टाकलं तर फुगे नुसते उकळल्यासारखे आले, माझ्या बोटांवरून ओघळले. अर्ध्या तासाचं काम होतं. पाना माझ्या उजव्या हातात होता.

तिथून मला वरची माणसं दिसत नव्हती, फक्त पाय. शेठांचे बूट. अंकुशच्या चपला, एकीचा पट्टा तारेने बांधलेला. तो जागचा हलत नव्हता. आणि वर, माझ्या डोक्यावर, मिस्टरांचा हात पत्र्यावर टेकलेला असणार हे मला माहीत होतं.

मी ठोकलं नाही.

मला लगेच सुचलं असंही नाही. मी पडून राहिले. मनात एवढंच आलं की ही जागा रिकामी होईल. दुसरं काही नाही. हवा संपत आली, फुगे बारीक झाले. मग मी शर्टाच्या टोकाने तो तेलकट थर पुसून काढला. हे मुद्दाम सांगते. कुणाला वाटेल की घाबरली असेल, गोंधळली असेल. गोंधळलेलं माणूस पुसत बसत नाही.

मिस्टर बराच वेळ थांबले. नेहमीपेक्षा जास्त. मग त्यांनी हात उचलला आणि शेठांना म्हणाले, "गाडीत काही नाही."

त्यांचा शब्द होता तो. साऱ्या आळंदी रस्त्याला माहीत होतं की काका दोष नसेल तर दोष दाखवणार नाहीत आणि असेल तर लपवणार नाहीत. मी त्यांच्या तोंडून खोटं वदवून घेतलं, आणि त्यांना ते कळलंही नाही. तरी स्वतः तोंड उघडलं नसतं, तर निदान मी बोलले नाही, असं म्हणायला एक वाट राहिली असती. तीही मी ठेवली नाही. मी बाहेर येऊन हात पुसत होते. अंकुश माझ्याकडे बघून म्हणाला, मावशी, हवा कुठून जाते ते दिसलं का? आणि मी सगळ्यांच्या देखत म्हणाले,

"हवा जागच्या जागी आहे, अंकुश. तुझ्या गाडीतून जातं ते हवेपेक्षा महाग असतं."

हाच तो विनोद. हसला असतात ना तुम्हीही? चांगला जमलाय. मला असं पटकन सुचतं, लोक त्याचं कौतुक करतात. ड्रायव्हर गाडीवर हात मारून हसले. साळुंखे शेठांनी तिथल्या तिथे किल्ली मागून घेतली. अंकुश मला एवढंच म्हणाला, पुन्हा एकदा पाहता का. मी एकदाच बघते, म्हणाले.

त्याला दुसऱ्या ट्रॅव्हल्सवाल्यांनी घेतलं नाही. घेतील कसे? माझं वाक्य त्याच्या आधी तिथे पोचलेलं असायचं. स्टँडवर तो दिसला की पोरं टाकीचं झाकण चाचपायची आणि खिदळायची. वर्गणीचं काम विहारातल्या मंडळींनी त्याच्याकडून काढून घेतलं—भांडण नाही, तंटा नाही, या वर्षी दुसऱ्या कुणाला देऊ म्हणाले. त्यानंतर तो विहारात आला नाही. मी येत होते. दर रविवारी सगळ्यांबरोबर पंचशील म्हणत होते. दुसरं शील चोरीचं, चौथं खोटं बोलण्याचं. मी माझं चौथं मोडून त्याच्यावर दुसरं मोडल्याचा आळ घातला होता. आवाज कधी अडला? नाही अडला. खणखणीत म्हणायची. काही महिन्यांत तो खोली सोडून गेला. कुठे गेला ते मी विचारलं नाही.

गाडी प्रवीणला मिळाली.

आता पुढचं ऐका, कारण माझ्या मते याहून नीच काम मी केलेलं नाही. पाईप तसाच राहिला असता तर प्रवीणचाही ॲव्हरेज पडला असता, आणि शेठांना कळलं असतं. म्हणून मिस्टर औषधाला खडकीला गेले त्या दिवशी मी भवानी पेठेतून नवा पाईप आणला. गाडी दारात घेतली. जुना काढला, बसायची तोंडं पेट्रोलच्या फडक्याने कोरडी केली, कारण तेल राहिलं की पाईप दाबाने निसटतो. नवा बसवला, क्लॅम्प सारखे आवळले. पट्टीला घासू नये म्हणून मधे जुन्या ट्यूबचा तुकडा बांधला. पुन्हा हवा भरली, साबणाचं पाणी टाकलं. एक फुगा आला नाही. उत्तम काम केलं. जुना पाईप कापून लांबच्या कचराकुंडीत टाकला.

दुरुस्ती म्हणतात याला. मी तो पाईप बदलला आणि अंकुशवरचा आळ पक्का केला. कारण ड्रायव्हर बदलल्याबरोबर गाडीचा ॲव्हरेज सुधारला—यापेक्षा वेगळा पुरावा कुणाला हवा होता? साळुंखे शेठ पेढे घेऊन आले. मावशी, चोर गेला आणि गाडी सुधारली, म्हणाले. मी पेढा खाल्ला. मिस्टरांनी हातात धरून ठेवला. त्या रात्री जेवताना ते म्हणाले की पोरगा चोर वाटत नव्हता. मला म्हणाले की भिंतीला, कोण जाणे. मी त्यांना आणखी भात वाढला.

आणि प्रवीण? तुम्हाला वाटत असेल की तो आठ दिवसांत नोकरी सोडून घरी बसला. तसं झालं असतं तर मलाही बरं वाटलं असतं, पाप फुकट गेलं म्हणून. तसं झालं नाही. तो उठायला लागला. मी हाक मारायच्या आत उठून तयार. काम टिकवलं, पुढे स्वतःची गाडी घेतली, मग आणखी घेतल्या. आज त्याच्याकडे ड्रायव्हर आहेत. नव्या ड्रायव्हरला तो पहिल्या दिवशी सांगतो, माझी सुरुवातच एका चोराच्या जागेवर झालीय, तेव्हा डिझेलचं मला शिकवू नका. मी ऐकते. ज्या घरात बसून मी हे लिहितेय ते घर त्यातून झालेलं आहे. माझं खोटं वाया गेलं नाही, चांगलं उपयोगी पडलं. काय म्हणायचं यावर?

मिस्टर गेले. आपण निकाल दिला तो बरोबर दिला, असं समजून गेले की शंका घेऊन गेले, ते मला माहीत नाही. विचारायला माझ्याकडे वर्षं होती.

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण खरी गोष्ट पुढे आहे. मी एवढा वेळ तिच्याभोवतीच फिरतेय.

मिस्टर जाऊन दोनतीन वर्षं झाली असतील. प्रवीण मला गाडीतून नातेवाइकांकडे हडपसरला नेत होता. वाटेत एका कंपनीत त्याचं काही काम होतं, म्हणून गाडी तिकडे वळवली. फाटकाशी गाडी अडवली. प्रवीण फोनवर बोलत खाली उतरून कॅबिनकडे गेला. वॉचमन काठीला लावलेला आरसा गाडीखाली फिरवत माझ्या बाजूला आला आणि सरळ झाला. केस पांढरे, अंगावर ढगळ निळा गणवेश.

"जय भीम, मावशी."

आवाजावरून ओळखलं. मी जय भीम म्हटलं. पुढचं तोच बोलला. बरं चाललंय म्हणाला, मुलगी नर्सिंगला आहे. काका गेल्याचं फार उशिरा कळलं, नाहीतर आलो असतो. मग खिडकीशी थोडा वाकला. त्याला नंतर दुसऱ्या एका ड्रायव्हरने सांगितलं होतं म्हणे, की तसल्या गाड्यांचा खालचा पाईप पट्टीवर घासून हमखास फाटायचा. त्यावरून त्याने आपलं सगळं जुळवून ठेवलं होतं.

"काकांवर माझा राग नाही, मावशी. त्यांचे कान गेले होते. त्यांना ऐकू आलं नसल. तुम्ही तर बिचाऱ्या एवढ्या खाली घुसून पाहिलं माझ्यासाठी."

माझा विनोद? तो त्याने काढलाच नाही. विसरला असेल असं मला वाटत नाही.

मला त्याचा राग आला. अजून येतो. इतकी वर्षं डोक्यात घोळवून, स्वतःशी भांडून या माणसाने माफी तयार केली, आणि ती चुकीच्या माणसाला दिली. माफ करायचं तर आधी नीट बघावं की कोणाला करतोय. दिवसभर आरसा घेऊन गाड्यांखाली बघतोस ना? पण हा राग मी त्याच्यावर काढतेय तो कुठला आहे ते मला कळतं. माझ्या समोर तो उभा होता. गाडीची काच खाली होती. प्रवीण लांब होता, मागे दुसरी गाडी नव्हती. एक वाक्य लागलं असतं. आणि वाक्यं मला सुचतात.

मी काय म्हणाले ते लिहिते.

मी म्हणाले, "हो रे. शेवटी शेवटी त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं."

तो मान हलवून खरंय म्हणाला. प्रवीण आला, त्याच्याकडे न बघता गाडीत बसला. अंकुशने दांडा वर केला आणि आम्ही आत गेलो.

पहिल्या वेळी मला मुलासाठी नोकरी हवी होती. या वेळी काय हवं होतं? काहीच नाही. माझ्याकडून कुणी काही काढून घेणार नव्हतं. त्याच्या नजरेत मी चांगली होते आणि मला तसंच राहायचं होतं, तेवढ्यासाठी मी मेलेल्या नवऱ्याला पुढे केलं. ज्या माणसाने आयुष्यभर कुणाच्या गाडीत खोटा दोष दाखवला नाही, त्याच्यावर मी माझा दोष ढकलला. तो ऐकू शकत नव्हता तेव्हा त्याला फसवलं. तो नव्हताच तेव्हा पुन्हा फसवलं.

प्रवीण हे वाचेल की नाही, माहीत नाही. वाचलं तर वाचलं.

अंकुशने डिझेल काढलेलं नव्हतं. माझ्या मिस्टरांच्या ऐकण्यात चूक झालेली नव्हती. गळती मला सापडली होती.